परत आलेली पाकिटं

झेल्मा फेल्टनरला मी पकडलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांना मक्याचं पीठ लागलेलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात ती भाकऱ्यांचे साचे भरत होती. मी एप्रनसुद्धा काढू दिला नाही. जेवणाच्या सुट्टीची घंटा व्हायला पाच मिनिटं होती, आणि पोरं बाहेर यायच्या आत तिला गाडीत बसवावं एवढाच माझा विचार. ते साधलं नाही. चौथीचा वर्ग भिंतीला लागून रांगेत उभा होता, आणि त्या सगळ्यांसमोरून मी तिला हातकड्या घालून नेली.

तेव्हा मला शेरीफच्या कचेरीत अठरा वर्षं झाली होती. नाव होबर्ट नॅन्स. काउंटीतली निम्मी माणसं झेल्माच्या हातचं खाऊन मोठी झालेली. माझ्या दोन्ही मुलीसुद्धा. पण हातात पकडवॉरंट होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या गाडीचा मागचा दिवा फुटला होता, त्याबद्दल तिला कोर्टाची तारीख लागली, ती तारखेला गेली नाही. माणूस हजर झाला नाही की न्यायाधीश बसल्या जागेवरून वॉरंटावर सही करतो. आम्ही त्याला बेंच वॉरंट म्हणतो. त्या कागदाला मुदत नसते. तो कपाटात पडून राहतो, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी तो काढून माझ्यासारख्याच्या हातात देतो.

गाडीत ती एकच वाक्य म्हणाली. "होबर्ट, मला तारखेचं पत्रच आलं नाही."

"सगळे तसंच म्हणतात," मी म्हणालो.

शुक्रवार होता. कोर्ट सोमवारी. मधले दिवस झेल्मा तुरुंगात.

सोमवारी जज स्टिडहॅमनी तिला चार मिनिटांत सोडून दिलं. दिवा तिनं केव्हाच बदलला होता. जाता जाता तिनं पुन्हा तेच सांगितलं, पत्र आलं नाही. जजनी मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं. पण खाली टेबलापाशी ओलेटा नेपिअर बसल्या होत्या, आणि त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

ओलेटाबाई म्हणजे कोर्टाच्या कारकून. वय चोपन्न, त्यातली एकोणीस वर्षं त्याच टेबलापाशी. नवरा खाणीत होता, फुफ्फुसांनी गेला. चष्मा बुटाच्या नाडीला बांधून गळ्यात अडकवलेला. कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय त्याबद्दल बोलायचं नाही, अशी त्यांची पद्धत; घाईतले वकील ह्या पद्धतीनं अगदी जेरीला यायचे.

"झेल्मा," त्यांनी तिला दारात गाठून विचारलं, "तुझ्या घराचा पत्ता काय?"

"कुठला सांगू? आता सिकॅमोर रस्ता म्हणतात म्हणे. आम्ही अजून रूट दोन, पेटी एकशे चौदाच म्हणतो."

ओलेटाबाईंनी दोन्ही पत्ते लिहून घेतले. पण त्यांच्या डोक्यात काय आलं ते मला नंतर कळलं. पूर्वी आमच्याकडे पत्ता म्हणजे टपालाच्या फेरीचा नंबर आणि पत्रपेटीचा नंबर, एवढंच. आठ वर्षांपूर्वी अँब्युलन्सला घरं सापडावीत म्हणून आमच्याकडे प्रत्येक कच्च्या वाटेला नाव दिलं होतं आणि प्रत्येक घराला नंबर. टपालवाल्यांनी वर्षभर दोन्ही पत्ते चालवून घेतले. मग जुन्या पत्त्याची पत्रं पिवळी चिठ्ठी लावून परत पाठवायला सुरुवात केली. आणि कोर्टाच्या नोंदींत पत्ते जुनेच होते.

दुपारी त्यांनी मला मागच्या कोठीत बोलावलं. कोठीत एक बंद पडलेलं झेरॉक्स मशीन होतं आणि त्यामागे केळ्यांची तीन खोकी. खोक्यांत परत आलेली पाकिटं, काठोकाठ. पूर्वी कोर्टाचं टपाल पाहणाऱ्या बाईंनी ती सवडीनं फायलींना लावू म्हणून ठेवली असणार. सवड झाली नाही, त्या निवृत्त झाल्या, आणि मागून आलेली पाकिटंही सवयीनं त्याच खोक्यांत पडत गेली.

"धर," त्यांनी एक पाकीट माझ्या हातात दिलं.

झेल्मा फेल्टनर, रूट दोन, पेटी एकशे चौदा. चिकटवलेलं होतं तसंच. कुणी उघडलंच नव्हतं.

 त्या नुसत्या उभ्या राहिल्या, मी ते दोनदा वाचेपर्यंत.

पुढचे चार महिने ओलेटाबाईंनी जेवणाची सुट्टी घेतली नाही. शनिवारीही यायच्या. एकेक पाकीट घ्यायचं, त्याची फाईल काढायची, त्या माणसावर वॉरंट आहे का बघायचं, माणूस जिवंत आहे का बघायचं. शेवटच्या कामासाठी त्या मला धरायच्या, कारण मला सगळे डोंगर आणि सगळी खोरी माहीत. "हा कुठे असतो?" त्या विचारायच्या. "हा बाप्टिस्ट चर्चच्या मागे असतो," मी सांगायचो, "दगडावर नाव कोरून." मेलेल्या माणसांवरची एकोणीस वॉरंटं निघाली. एक वॉरंट अशा माणसावर होतं, की ज्या दिवशी तो हजर नाही म्हणून सही झाली त्याच दिवशी लेक्सिंग्टनच्या इस्पितळात त्याचा पाय कापत होते.

आणि जिवंत होते त्यांचं काय चाललं होतं तेही कळत गेलं. लायसन्स संपलं तरी नवं काढायला जायचं नाही, कारण तिथे नाव विचारतात. खाणीतून सुटलेला एक गडी छातीच्या तपासणीला गेला नाही, कारण तिथे ओळखीचा कागद दाखवावा लागतो. एक बाई सहा वर्षं स्वतःच्या लेकीच्या शाळेत पाऊल टाकू शकली नव्हती. दरवाज्यापाशी माझी गाडी उभी असायची ना. मी तिथे पोरांना रस्ता ओलांडून द्यायला उभा असायचो. तिला ते कुठून माहीत?

दोनशे त्र्याऐंशी नावं निघाली. जिवंत माणूस, चालू वॉरंट आणि न पोचलेलं पत्र. शाळेच्या रेघी वहीत ओलेटाबाईंनी ती लिहिली, आणि वही नि तिन्ही खोकी घेऊन त्या जज स्टिडहॅमच्या खोलीत गेल्या. खोकी मी उचलली होती, म्हणून मीही आत होतो.

जज म्हणजे बावीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेला माणूस. कुणी काही शिकवायला आलेलं त्याला खपत नसे.

"ओलेटाबाई, तुम्ही कारकून आहात का वकील?"

"कारकूनच आहे, साहेब. म्हणून तर कागदाबद्दल बोलते. ह्या फायली अर्ध्या आहेत. तुम्ही सही केलीत ती अर्ध्या फायलीवर. आणि अर्धी फाईल तुमच्यापुढे आम्ही ठेवली."

"लोकांनी पत्ता बदलल्याचं कळवायचं असतं."

"लोकांनी बदलला नाही, साहेब. माणसं होती तिथेच आहेत. पत्ता काउंटीनं बदलला."

 जजनी टेबलावरची कागद कापायची सुरी घेऊन वरचं पाकीट फोडलं. वाचलं. दुसरं फोडलं. सहावं की सातवं फोडून झाल्यावर सुरी खाली ठेवली.

"खटला मी नुसता पुसून टाकू शकत नाही," ते म्हणाले. "माणूस माझ्यासमोर उभा राहिला पाहिजे. पण आपल्या पायानं आला, तर वॉरंट तिथल्या तिथे रद्द. किरकोळ असेल ते त्याच दिवशी निकालात काढीन. बाकीच्यांना नवी तारीख, खऱ्या पत्त्यावर."

एप्रिलचा पहिला मंगळवार ठरला. साप्ताहिकात जाहिरात दिली, रेडिओवर तीन दिवस सांगितलं, चर्चमध्ये चिठ्ठ्या लावल्या. मंगळवारी सकाळी आठला ओलेटाबाई शिक्का, वही आणि चार पेनं मांडून बसल्या. दिवसभरात दोन माणसं आली. एकाला शिकारीचा परवाना हवा होता, तो चुकून ह्या रांगेत आला. दुसरा सांगायला आला होता, की तुमच्या यादीतला माझा भाऊ परवाच वारला.

लोक का आले नाहीत ते मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी डोंगरापलीकडे पोलिसांनी वॉरंटवाल्यांना पत्रं धाडली होती, तुम्हाला टीव्ही बक्षीस लागलाय, येऊन घेऊन जा. जे आले ते सगळे बेड्यांत गेले. ते कुणी विसरलं नव्हतं. आणि आता आमच्याकडे झेल्मा सगळ्यांना सांगत होती: जाऊ नका, मला स्वयंपाक करताना उचलली त्यांनी.

"मग झेल्माकडेच जायला हवं," ओलेटाबाई वही मिटून म्हणाल्या. "तूही चल."

"मी? ती मला तव्यानं हाणेल."

"हाणू दे. तुझ्या डोक्याला काही होत नाही."

झेल्मा ओसरीवर जंगली लसणाची जुडी निवडत बसली होती. माझी गाडी बघून ती उठली नाही. ओलेटाबाईंना तिनं खुर्ची सरकवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला सांगा, खालच्या पायरीवर थांब. वर यायचं नाही."

मी खालच्या पायरीवर थांबलो.

ओलेटाबाईंनी पर्समधून ते पाकीट काढलं. जजना त्यांनी बाकीची फोडू दिली होती, पण हे बाजूला ठेवलं होतं. झेल्मानं हात एप्रनला पुसले, पाकीट उघडलं, पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे माझं आहे?"

"तुझंच. अठ्ठावीस महिने आमच्या कोठीत पडून होतं. चूक आमची. तेच सांगायला आले."

"नुसतं सांगायला?"

"माफी मागायला. पण आधी त्यानं मागावी."

मी हॅट काढली. येताना वाटेत मी बरंच जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. "झेल्मा," मी म्हणालो, "मी तुला नीट विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

"विचारायची गरज नव्हती. मी आपणहून सांगितलं. तू ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं."

"चौथीतली पोरं मला अजून विचारतात, तू काय चोरलं होतंस."

 ती पुन्हा लसूण निवडायला लागली. ओलेटाबाईंनी न सांगता अर्धी जुडी आपल्याकडे ओढली आणि दोघी काही वेळ नुसत्या निवडत राहिल्या. मी उन्हात उभा.

"लोक यायला हवेत म्हणता ना," झेल्मा शेवटी म्हणाली. "मग ऐका. ह्यानं मला शाळेच्या दारातून बाहेर नेली. आता कोर्टाचं दार ह्यानं धरायचं. सकाळी उघडल्यापासून संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत. बंदूक नाही, बिल्ला नाही, बेड्या नाहीत. जो येईल त्याला दार उघडायचं आणि 'या' म्हणायचं. तेवढं करणार असेल तर माझी माणसं मी आणते."

"करेल," ओलेटाबाई म्हणाल्या. मला कुणी विचारलंच नाही.

हे ऐकून शेरीफ हसले. "रजा टाक," ते म्हणाले, "रजेच्या दिवशी तू दार धर नाहीतर खिडकी." जजनी लेखी हुकूम काढला, की त्या दिवशी कोर्टाच्या आवारात कुणालाही पकडायचं नाही. ओलेटाबाईंनी त्या हुकमाच्या दोनशे प्रती काढून वाटल्या, प्रत्येकीवर शिक्का मारून.

मे महिन्याचा पहिला मंगळवार. मी घरचा शर्ट घालून दारात उभा. झेल्माची पिकअप पावणेआठला आली. मागे दोन मोठी पातेली शिजवलेल्या बीन्सची, फडक्यात बांधलेल्या मक्याच्या भाकऱ्या, चिरलेला कांदा. हिरवळीवर टेबल मांडून ती उभी राहिली.

चौकाभोवती गाड्याच गाड्या. पण कुणी खाली उतरेना. इंजिनं चालू, काचा वर, माणसं आत बसून माझ्याकडे बघतायत. साडेआठ झाले तरी दार मी एकदाही उघडलेलं नव्हतं.

मग झेल्मानं आपल्या पिकअपचं पुढचं दार उघडलं आणि हात देऊन तिच्या मामाला उतरवलं. व्हर्लिन मामा. एकाहत्तर वर्षांचे. बिनपरवाना मासे धरले म्हणून तारीख लागली होती, ती चुकली, आणि तेव्हापासून सात वर्षं ते त्यांच्या खोऱ्यातून खाली आले नव्हते. सख्ख्या भावाच्या मयतालासुद्धा नाही. अंगावर काळा सूट होता, घडीच्या खुणा अजून दिसत होत्या.

पायऱ्या चढून ते माझ्यासमोर थांबले.

"हाच का तो?" त्यांनी झेल्माला विचारलं.

"हाच."

"दार जड आहे का रे?"

"आहे, मामा."

"मग नीट धर."

मी दार उघडलं आणि म्हणालो, "या."

आतलं मला दारातून ऐकू येत होतं. जजनी फाईल चाळली. "व्हर्लिन, सात वर्षं कुठे होतात तुम्ही?"

"घरी होतो, साहेब. कुणाला विचारायला पाठवलं असतंत, तर चहाला थांबवून घेतलं असतं."

कुणीतरी हसलं. जज हसले नाहीत. ओलेटाबाईंनी त्यांच्यापुढे पाकीट ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, पिवळी चिठ्ठी वाचली. मग म्हणाले, "हे पत्र तुम्हाला पोचलं नाही. ही चूक ह्या कोर्टाची आहे. वॉरंट रद्द. खटला काढून टाकला."

बावीस वर्षांत असलं वाक्य त्या खोलीत कुणी ऐकलं नव्हतं. टाइप करणाऱ्या बाईंनी मान वर करून बघितलं, हे असंच लिहू का म्हणून. "लिहा," जज म्हणाले.

"मला पण लिहून द्या," व्हर्लिन मामा म्हणाले. "डोंगरात पुन्हा कुणी आलं तर दाखवायला."

ओलेटाबाईंनी नक्कल केली, शिक्का मारला, सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि दिली.

मामा बाहेर आले. मला वाटलं थेट जेवायला जातील. ते वरच्या पायरीवर थांबले, खिशातून चष्मा काढला, आणि तो कागद मोठ्यानं वाचायला लागले. खटल्याचा नंबर, तारीख, स्वतःचं पूर्ण नाव, सगळं. चर्चमध्ये वाचतात तसं, शब्द न शब्द. वाचून झाल्यावर घडी घालून आतल्या खिशात ठेवला आणि मग बीन्स खायला गेले.

चौकात एक इंजिन बंद झालं. मग त्याच्या पलीकडचं. मग मला मोजता येईनात. दारं उघडायला लागली, माणसं उतरायला लागली. बायका मुलांचे हात धरून, म्हातारे काठ्या टेकत, खाणीच्या बुटांतले दोघे भाऊ एकमेकांना पुढे ढकलत. ज्या बाईनं सहा वर्षं लेकीची शाळा पाहिली नव्हती तीसुद्धा होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी दार उघडलं, "या" म्हणालो, ती गेली. बाहेर येताना मात्र थांबली आणि म्हणाली, "शाळेत दोन वाजता काहीतरी कार्यक्रम आहे म्हणतात. जाऊ ना?"

"जा," मी म्हणालो. "पळ."

एकशे सतरा माणसं आली त्या दिवशी. ओलेटाबाई एकदाही खुर्चीला टेकल्या नाहीत. प्रत्येकाला त्या आधी नवा पत्ता विचारायच्या, मग फोन, मग विचारायच्या, जेवलास का. दुपारी दोनच्या सुमाराला माझा उजवा खांदा गेला. डाव्या हातानं धरायला लागलो. तेवढ्यात झेल्मानं कुणाच्या तरी हाती एक वाटी पाठवली, वर भाकरीचा तुकडा. निरोपही होता: त्याला म्हणावं खा, पडला तर दार कोण धरणार. तिनं मला माफ केलं का, मी कधी विचारलं नाही. पण त्या बीन्समध्ये मांसाचा तुकडा होता, आणि तो सगळ्यांना मिळाला नव्हता.

उरलेले लोक पुढच्या मंगळवारांना आले. वर्ष संपेपर्यंत दोनशे त्र्याऐंशीपैकी नऊच नावं राहिली, आणि त्यांतले बहुतेक ओहायोला कामाला गेले होते. त्यांनाही ओलेटाबाईंनी फोनवर शोधून काढलं. जजनी कायमचा नियम घातला: पत्र पोचल्याची खूण फायलीत असल्याशिवाय त्यांच्यापुढे सहीला वॉरंट आणायचं नाही. ओलेटाबाईंनी आपला स्वतःचा एक नियम घातला, तो कुठे लिहिलेला नव्हता. तारखेच्या तीन दिवस आधी त्या स्वतः फोन करायच्या. "रविवार आज. बुधवारी यायचंय तुला. धुतलेला शर्ट घाल. नाही आलास तर होबर्टला पाठवीन." ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरावरून त्या घरी जायच्या, मग वाट कितीही वाकडी पडो.

मी त्यानंतर अकरा वर्षं नोकरी केली. वॉरंट हातात आलं की आधी ओलेटाबाईंना विचारायचो, मग त्या माणसाच्या दारावर जाऊन साध्या आवाजात सांगायचो, अमुक दिवशी जाऊन ये. अकरा वर्षांत तारीख चुकल्याबद्दल बेड्या घालायची वेळ माझ्यावर चारदा आली. शेरीफच्या कचेरीत कुणाला आणखी कशाचा अभिमान असेल. मला ह्या चारचा आहे.

त्या मे महिन्यानंतर दीड वर्षानं मुख्य कारकुनाची जागा निवडणुकीला आली; आमच्याकडे ती लोकांच्या मतांनी भरतात. ओलेटाबाईंच्या विरुद्ध एका मोठ्या घरातला तरुण उभा राहिला, रस्त्याच्या वळणावळणाला त्याचे फलक. ओलेटाबाईंचा फलक एकच होता, तोही झेल्मानं शाळेच्या पुठ्ठ्यावर रंगवलेला, आणि त्यात नेपिअर चुकीचं लिहिलेलं होतं. ओलेटाबाईंनी तो दुरुस्त करू दिला नाही. मतदार म्हणून नाव नोंदवायला त्या वर्षी जेवढे नवे लोक आले तेवढे मी कधी पाहिले नव्हते. पन्नाशीची, साठीची माणसं, आयुष्यात पहिल्यांदा. कोर्टाच्या इमारतीत यायची भीती गेली होती ना.

त्या निवडून आल्या, एक मतदान केंद्र सोडून सगळीकडे जास्त मतं घेऊन. ते एक केंद्र त्यांच्याच खोऱ्यातलं. "तिथे मला लहानपणापासून ओळखतात," त्या म्हणाल्या.

निकालाच्या संध्याकाळी कोर्टाच्या बोळात उभं राहायला जागा नव्हती. व्हर्लिन मामा काळ्या सुटात आले होते. गर्दीतून वाट काढत ते ओलेटाबाईंपर्यंत पोचले आणि हातात हात घेऊन म्हणाले, "बाई, आता तरी तो जज तुमचं ऐकेल ना?"

"तो आधीपासूनच ऐकत होता, मामा," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढे सगळे कागद ठेवायचे राहिले होते एवढंच."